दुरुस्तीची तिथी कोणी ठरवायची? दातिवऱ्याच्या होड्या, तारापूरच्या भट्ट्या आणि कार्यालयातले संगणक

#थ्रेड #इतिहास #पालघर

१/२६
वैतरणा नदी समुद्राला मिळते तिथे, उत्तर तीरावर, दातिवरे हे गाव आहे. खाडीच्या मुखापाशी समोर अर्नाळ्याचा जलदुर्ग. मे महिना संपत आला की या किनाऱ्यावर होड्या पाण्याबाहेर ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि पुढचे काही आठवडे समुद्र रिकामा राहतो. या दृश्याचा कार्यालयातल्या संगणकाशी जवळचा संबंध आहे. तो संबंध उलगडण्यासाठी हा थ्रेड.

२/२६
प्रश्न साधा आहे. सफाळ्यातले सेवा केंद्र असो, पालघरची पतपेढी असो वा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना असो. संगणकाच्या पडद्यावर महिन्यातून एकदा तरी विचारणा होते: अपडेट तयार आहे, आता रीस्टार्ट करायचे की नंतर? समोर ग्राहक उभा असतो, बिल अर्धे झालेले असते. बोट आपोआप ‘नंतर’वर जाते. दुसऱ्या दिवशीही तेच घडते.

३/२६
‘नंतर’ ही तारीख नव्हे. या थ्रेडचे प्रतिपादन एवढेच आहे: व्यवसायाच्या संगणकाची दुरुस्ती कधी करायची, हे मालकाने आधी ठरवून लिहून ठेवले पाहिजे. ते यंत्राच्या सूचनेवर सोडता येत नाही आणि त्या क्षणाच्या घाईवरही सोडता येत नाही. तारीख ठरवली नाही, तर ती दुसराच कोणीतरी ठरवतो. गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास याचीच साक्ष देतो.

४/२६
आधी किनाऱ्याकडे पाहू. गेली काही वर्षे पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी लागू आहे. माशांच्या प्रजननासाठी आणि खवळलेल्या समुद्रापासून जिवाच्या रक्षणासाठी ती आहे. कायदा येण्यापूर्वीही पावसाळ्यात नाव किनाऱ्यावर घेण्याची आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून हंगाम सुरू करण्याची रीत होतीच.

५/२६
या रीतीतली खरी शहाणीव तारखेत आहे. नाव केव्हा थांबणार हे वर्षभर आधी ठाऊक असते. त्यामुळे सुताराला वेळेवर सांगता येते, इंजिन उघडता येते, जाळी विणायला बसता येते आणि पैशाची तजवीज करता येते. फळी फुटेपर्यंत वाट पाहिली असती, तर हीच दुरुस्ती भर समुद्रात करावी लागली असती. थांबणे हा तोटा आहे, हे कोळ्यालाही कळते. परंतु ठरवून थांबण्याचा तोटा मोजता येतो. अवचित थांबण्याचा मोजता येत नाही.

६/२६
याच किनाऱ्यावर उत्तरेला तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. तिथे दुरुस्तीच्या दोन पद्धती एकाच आवारात नांदतात. १९६९ साली सुरू झालेले पहिले दोन संच उकळत्या पाण्याच्या प्रकारचे आहेत. त्यांत नवे इंधन भरायचे तर भट्टी बंद करावी लागते. २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेले ५४० मेगावॅटचे तिसरा व चौथा हे संच जड पाण्याचे आहेत. त्यांत भट्टी चालू असतानाच इंधन बदलता येते.

७/२६
संगणकाच्या जगातही हे दोन प्रकार आहेत. बहुतेक ऑपरेटिंग सिस्टीमना अपडेट पूर्ण करण्यासाठी रीस्टार्ट लागतो. सर्व्हर आणि मोठ्या संस्थांसाठीच्या काही आवृत्त्यांत मात्र चालू स्थितीतच पॅच लावण्याची सोय आहे आणि रीस्टार्टची वेळ साधारण तिमाहीतून एकदा येते. लहान व्यावसायिकाकडे असते ती पहिल्या प्रकारची भट्टी. ती बंद करावीच लागते. म्हणूनच केव्हा बंद करायची, हा त्याच्यासाठी टाळता न येणारा प्रश्न आहे.

८/२६
आता इतिहासाकडे. अठराव्या शतकाच्या आरंभी हा किनारा पोर्तुगीजांच्या वसई प्रांतात मोडत होता. दातिवरे, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर अशी कोटांची आणि चौक्यांची साखळीच इथे उभी होती. १७२८ च्या सुमारास पोर्तुगीजांनी आपल्याच उत्तरेकडील ठाण्यांची पाहणी करवून घेतली. शिबंदीची बेशिस्त आणि संरक्षणव्यवस्थेची दुरवस्था त्या पाहणीत नोंदवली गेली. म्हणजे दोष ठाऊक होता आणि तो कागदावरही आला होता.

९/२६
पुढे सुमारे दशकभरात चिमाजी अप्पांची मोहीम उभी राहिली. १७३७ मध्ये अर्नाळा मराठ्यांकडे आला. १७३९ च्या जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर ही ठाणी पडली आणि मे महिन्यात वसई शरण आली. या विजयाचे श्रेय मराठी फौजेच्या चिकाटीला आणि रक्ताला आहेच. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट खुणावते: अहवाल आणि हल्ला यांच्यामधली वर्षे पोर्तुगीजांच्या हातात होती.

१०/२६
ही तुलना एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. तटाचा चुना झडतो, होडीचे लाकूड कुजते. संगणकातला प्रोग्राम कुजत नाही. वाढते ते त्याच्या दोषांविषयीचे ज्ञान. कंपनी पॅच प्रसिद्ध करते, तेव्हा तट नेमका कुठे पोकळ आहे हेही ती जगाला सांगून टाकते. पाहणीचा अहवाल मालकाच्या आणि शत्रूच्या हाती एकाच दिवशी पडल्यासारखे हे आहे. त्या दिवसापासून दोघांमध्ये शर्यत सुरू होते.

११/२६
या शर्यतीचे एक मोठे उदाहरण २००३ सालचे. मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरमधील एका दोषाचा पॅच जुलै २००२ मध्ये आला होता. सहा महिन्यांनी, २५ जानेवारी २००३ रोजी, ‘स्लॅमर’ हा वर्म त्याच दोषातून सुटला. अवघ्या दहा मिनिटांत त्याने जगातील बहुतेक असुरक्षित सर्व्हर गाठले. अमेरिकेत एका मोठ्या बँकेची हजारो एटीएम अडली. पॅच ज्यांनी तयार केला, त्या कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातही पॅच न लावलेली यंत्रे निघाली.

१२/२६
त्याच वर्षी ‘ब्लास्टर’ आला. १६ जुलैला पॅच, ११ ऑगस्टला हल्ला. अंतर २६ दिवसांचे. सहा महिन्यांची मुदत महिन्याच्याही आत आली होती. तेव्हा अपडेट कधीही येत. व्यवस्थापकांना आज काय येईल याचा नेम नसे, म्हणून कामाची आखणी करता येत नसे आणि आखणी नाही म्हणून अपडेट लावले जात नसत. दोष आळसाचा जितका होता, तितकाच अनिश्चिततेचाही होता.

१३/२६
ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने नियम बांधला: सुरक्षेचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी. सोमवार मागची कामे उरकायला मोकळा आणि मंगळवारनंतर चाचणीसाठी उरलेला आठवडा हाताशी, असा त्यामागचा विचार. संगणकाच्या इतिहासात या निर्णयाची दखल फारशी घेतली जात नाही. वस्तुतः तो तांत्रिक शोधापेक्षा मोठा ठरला, कारण त्याने दुरुस्तीला पंचांग दिले. भारतात हे अपडेट मंगळवारी रात्री साडेदहा किंवा साडेअकराच्या सुमारास उपलब्ध होते. म्हणजे इथल्या कार्यालयांसाठी तो प्रत्यक्षात बुधवारच.

१४/२६
पंचांग असूनही मुहूर्त टळतोच. १४ मार्च २०१७ रोजी विंडोजच्या एका गंभीर दोषाचा पॅच आला. ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ने त्याच दोषातून जगभर फायली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टना त्याची झळ बसली. हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. तेथील लेखापरीक्षकांच्या अहवालानुसार बाधित संस्थांकडे एकतर पॅच न लावलेल्या किंवा पाठबळ संपलेल्या सिस्टीम होत्या.

१५/२६
त्या रुग्णालयांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. तपासणीच्या महागड्या यंत्राला जोडलेला संगणक उत्पादकाच्या परवानगीविना बदलता येत नाही. अपडेटनंतर यंत्र चालले नाही, तर रुग्णाला काय सांगायचे ही भीती खरी असते. बोईसरच्या कारखान्यातही मिश्रणाच्या वा पॅकिंगच्या यंत्राला जोडलेला जुना संगणक ‘चालतंय ना, मग हात लावू नका’ या एका वाक्यावर वर्षानुवर्षे तगून असतो. त्या वाक्यात अनुभव आहे. त्यात फक्त तारीख नाही.

१६/२६
मग महाराष्ट्राची पाळी आली. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रामने डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची यंत्रणा झोपवली आणि त्याचे पडसाद न्हावाशेव्याला उमटले. जवाहरलाल नेहरू बंदरातील, याच समूहाशी निगडित कंपनी चालवीत असलेल्या टर्मिनलचे संगणकीकृत काम थांबले. कंटेनरची नोंद हाताने करण्याची वेळ आली. कोपनहेगनमधला संगणक बंद पडला म्हणून उरणजवळ ट्रक थांबून राहतात, हे त्या आठवड्यात सर्वांना उमगले. मर्स्कला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले.

१७/२६
इथे मात्र इतिहास सरळ धडा देण्यास नकार देतो. ‘नॉटपेट्या’ शिरला तोच एका अपडेटच्या वाटेने. युक्रेनमधील करभरणीच्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरची अपडेट पाठवणारी यंत्रणाच हल्लेखोरांनी ताब्यात घेतली होती. एकदा आत आल्यावर तो दोन मार्गांनी पसरला: मार्चमध्ये ज्याचा पॅच आला होता त्या दोषातून आणि चोरलेल्या पासवर्डांच्या आधारे. म्हणजे जो विश्वासाने तत्काळ अपडेट घेत होता तोही सापडला आणि जो घेत नव्हता तोही.

१८/२६
घाईचे धोके पुढेही दिसले. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे मोठे सहामाही अपडेट आले आणि काही वापरकर्त्यांच्या स्वतःच्या फायलीच नाहीशा झाल्या. काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा प्रसिद्ध करावे लागले. ज्यांनी पहिल्याच दिवशी धाव घेतली, त्यांनी इतरांसाठी किंमत मोजली. सुरक्षेचे मासिक अपडेट आणि नव्या सोयींचे मोठे अपडेट यांना एकाच मापाने मोजू नये, हा त्यातला धडा.

१९/२६
१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे. ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल जगभरच्या संगणकांना पाठवली. चूक लक्षात येऊन ती ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तोवर सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे कोसळली होती. मुंबईसह देशातल्या अनेक विमानतळांवर रांगा लागल्या आणि प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. हे ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट नव्हते, पण धडा तोच: सर्व नावा एकाच भरतीला एकदम पाण्यात लोटू नयेत.

२०/२६
उशीर आणि घाई, दोन्ही बुडवतात. मग मधला मार्ग कसा असतो? त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुंबईतूनच मिळते. भारतातले पहिले एटीएम १९८७ साली मुंबईत बसले. पुढे देशभरातली बहुसंख्य एटीएम विंडोज एक्सपीवर चालू लागली. एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. यंत्रे मात्र नोटा मोजत राहिली. एप्रिल २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या धोक्याची जाणीव करून दिली. प्रगती संथच राहिली.

२१/२६
म्हणून २१ जून २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नुसती जाणीव न देता वेळापत्रकच दिले. ऑगस्ट २०१८ पर्यंत यूएसबी पोर्ट बंद करणे यांसारखे प्राथमिक उपाय. त्यानंतर नव्या, पाठबळ असलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर किमान २५ टक्के एटीएम सप्टेंबर २०१८ पर्यंत, ५० टक्के डिसेंबरपर्यंत, ७५ टक्के मार्च २०१९ पर्यंत आणि सर्व एटीएम जून २०१९ पर्यंत. टप्पे आहेत, म्हणून घाई नाही. शेवटची तारीख आहे, म्हणून ‘नंतर’ला जागा नाही. चांगल्या वेळापत्रकाचे सारे व्याकरण या चार तारखांत सामावले आहे.

२२/२६
टीकाही केली पाहिजे. पाठबळ संपल्याची तारीख वर्षानुवर्षे आधी जाहीर झालेली होती. तरीही ती उलटून गेल्यावर शेवटच्या मुदतीपर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ गेला. त्या काळात धोका वाहिला तो एटीएमसमोर उभ्या असलेल्या सामान्य खातेदाराने आणि त्याला ते ठाऊकही नव्हते. ठरवण्याचा अधिकार एकाकडे आणि धोका दुसऱ्याच्या माथी, अशी वाटणी जिथे असते तिथे तारीख लांबतेच. पतपेढीच्या किंवा दवाखान्याच्या संगणकातही माहिती असते ती लोकांची. म्हणून हा प्रश्न मालकाच्या खासगी सोयीचा राहत नाही.

२३/२६
यावर एक आक्षेप रास्त आहे. बँकेकडे हजारो यंत्रे असतात. ती आधी काहींवर चाचणी घेऊ शकते. दातिवऱ्यासारख्या गावातल्या दुकानदाराकडे एकच संगणक असतो. पावसात वीज जाते, इंटरनेट मोबाइलचे असते आणि अपडेट अर्धवट राहिले तर दुरुस्ती करणारा पालघर-बोईसरहून येईपर्यंत दिवस वाया जातो. त्याला ‘टप्प्याटप्प्याने करा’ असे सांगणे म्हणजे एका होडीच्या मालकाला ताफ्याचे डावपेच शिकवणे. तरीही त्याच्यापुढे मार्ग आहेत आणि ते किनाऱ्याच्या रीतीतच सापडतात.

२४/२६
पहिला मार्ग तिथीचा. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो. मासिक जीएसटी भरणाऱ्यांसाठी ११ आणि २० या तारखा विवरणपत्रांच्या. त्या दिवसांत संगणकाला हात लावू नये. म्हणून १६ तारखेला सर्वांत कमी महत्त्वाचा संगणक आणि २१ ते २५ या दिवसांत, साप्ताहिक सुट्टी गाठून, उरलेले. एकच संगणक असेल तर तो २१ नंतर. आदल्या संध्याकाळी बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप घ्यावा, ती डिस्क काढून ठेवावी आणि यूपीएस चालू असल्याची खात्री करावी. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत मासिक अपडेट ३० दिवसांपर्यंत आणि मोठे अपडेट ३६५ दिवसांपर्यंत पुढे ढकलण्याची सोय आहे. ती सोय याच कामासाठी आहे. अपवाद एकच: एखाद्या दोषावर हल्ले सुरू झाल्याची बातमी आली, तर बॅकअप घेऊन त्याच दिवशी अपडेट करावे.

२५/२६
दुसरा मार्ग सोबतीचा. एका आळीतले पाच-सहा व्यावसायिक बहुधा एकाच प्रकारचे संगणक, तोच प्रिंटर आणि तेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरतात. त्यांनी आपसांत पाळी ठरवली, तर या महिन्यात एकाने आधी अपडेट करावे आणि प्रिंटर चालतो, बिल निघते असे कळले की आठवड्याने इतरांनी. पुढच्या महिन्यात पाळी दुसऱ्याची. एकट्याकडे चाचणीचे यंत्र नसेल, तर सहा जणांचे मिळून ते तयार होते. यंत्राला जोडलेला जो जुना संगणक बदलताच येत नाही, तो इंटरनेटपासून तोडावा, त्याला कोणाचीही पेनड्राइव्ह लावू देऊ नये आणि तो बदलण्याचे वर्ष आजच लिहून ठेवावे. विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. एक्सपीची पाच वर्षे पुन्हा घालवण्याचे कारण नाही.

२६/२६
इतिहासाच्या अभ्यासकाला तटबंदीचे भग्नावशेष पाहताना बहुधा शेवटचा हल्ला आठवतो. त्याआधीची शांत वर्षे आठवत नाहीत. कारण त्या वर्षांत काही घडलेले नसते. खरे तर निर्णय त्याच वर्षांत होत असतो किंवा राहून जात असतो. दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर शाकारलेल्या होड्या हा अशा वेळेवर घेतलेल्या निर्णयाचा पुरावा आहे. भिंतीवर कालनिर्णय असतेच; त्यात दुधाचा हिशेब असतो, गॅसचा नंबर लावल्याची तारीख असते. या महिन्याच्या २१ तारखेच्या चौकोनात ‘संगणक’ एवढा एक शब्द लिहिला, तरी ‘नंतर’ची तारीख ठरते.

#थ्रेड_समाप्त